कड सोडलेलं शेत

मिल्टन कीन्स,
रविवार, १५ जून २०२५

ती. माधवमामा यांस,
अनुयाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲप तुम्ही उघडत नाही. तेव्हा पत्र. तक्रार नाही. दिवसभर वाकून झाल्यावर टेबलापाशी ताठ बसायला कारण मिळतं.

मका गुडघ्याला लागला आहे. बीट जोमात आहे. गेल्या जूनमध्ये मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होते. इथेही चुकाच शोधते, पण त्या हिरव्या असतात आणि उपटता येतात.

आईनं तुम्हाला अर्धंच सांगितलं असेल, म्हणून नीट लिहिते. हे शेत एका ज्यू कुटुंबाचं होतं. मूळ मालकांनी ते एका ट्रस्टच्या हाती दिलं आणि एकच अट घातली. कापणी करताना शेताची कड आणि कोपरे सोडायचे. ते पीक गरिबाचं आणि परक्याचं. त्यांनी स्वतः यावं आणि स्वतः तोडून न्यावं. पेटीत भरून त्यांच्या हातात द्यायचं नाही. हिब्रू शास्त्रातला हा जुना नियम आहे. मला त्यांनी एका वर्षासाठी घेतलंय. २१ सप्टेंबरला गावातले लोक कड वेचायला येतील, ट्रस्टी बघायला येतील आणि त्याच दिवशी ठरेल, दहा वर्षांचं लीज मला द्यायचं की दुसऱ्या कुणाला. अर्ज केलेल्यांत तीन पिढ्या शेती करणारं एक घर आहे. माझ्या तीन पिढ्या तुम्हाला माहीत आहेत: कुलकर्णी, डॉक्टर, डॉक्टर.

ट्रस्टच्या अध्यक्ष मिसेस पिंकस. जन्मभर शाळेत हिब्रू शिकवलं. स्टॅनमोरला राहतात, आईच्या सर्जरीपासून, म्हणजे दवाखान्यापासून, चालत जाण्याइतक्या जवळ. मी त्यांना विचारलं की तुमच्या शास्त्रात शेती म्हणजे शिक्षाच ना, घाम गाळून भाकर खाण्याची. त्या म्हणाल्या, एक पान मागे जा. माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. चूक नंतर झाली, शाप त्याच्याही नंतर. काम शापाच्या आधीचं आहे.

मग त्यांनी दावीद राजाच्या अधिकाऱ्यांची यादी दाखवली. नांगरणाऱ्यांवर कोण, द्राक्षमळ्यांवर कोण, तेलाच्या कोठारांवर कोण, उंटांवर कोण, गाढवांवर कोण. सगळ्यांची नावं आहेत. सेनापतींच्या शेजारी, त्याच शाईत. मला एकदम तुमची आठवण झाली. बाबांना ती यादी वाचून दाखवली, तर ते म्हणाले, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी हे आपल्याकडेही म्हणतातच. म्हणतात खरं. आपल्या घरात आजवर कुणी ऐकलं नाही एवढंच.

तब्येत सांभाळा. माझ्यावर रागावायचं असेल तर लांब पत्रानं रागवा.

तुमची,
अनुया


कॉव्हेंट्री,
शनिवार, २१ जून २०२५

चि. अनुयास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे. मातीनं हात स्थिर होतो असं दिसतं.

मी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये गेलो आणि ते पान मागितलं. तिथल्या पाद्रीबाईंना वाटलं, म्हातारा धर्म बदलायला आला. मी म्हटलं, मला फक्त उंटांचं खातं बघायचं आहे. त्यांनी चहा दिला आणि पानाची झेरॉक्स काढून दिली.

तू अध्यायाची सुरुवात वाचली नाहीस. शेतांच्या आधी सैन्य आहे आणि सैन्याची व्यवस्था महिन्याची आहे. पहिल्या महिन्याला अमुक तुकडी, दुसऱ्याला तमुक. बाराव्यापर्यंत. अनुया, हा रोटा आहे, पाळ्यांचा तक्ता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा ड्यूटी रोटा लोकांनी शास्त्र म्हणून जपून ठेवला. मी हॉस्पिटलात हेच करत होतो आणि तुझे बाबा, जयंत, मला भूल देणारा कारकून म्हणत. आधी रुग्णांना भूल दिली, नंतर कन्सल्टंटांना. जयंतला सांग, तेलाच्या कोठारावरच्या माणसाचं नाव योआश होतं. त्या काळातल्या एकाही त्याच्यासारख्या हाडांच्या डॉक्टरचं नाव मला त्या पानावर सापडलं नाही.

आणखी एक. उंटांवर ओबील, तो इश्माएली. मेंढरांवर याजीज, तो हग्री. दोघे बाहेरचे. राजाचे उंट परक्याच्या हातात आणि त्याची मेंढरंही. लिहिणाऱ्यानं ते लपवलं नाही, मिरवलंही नाही. काम कुणाकडे आहे तेवढं सांगितलं. हे वाचून मी चष्मा पुसला. चष्मा खरोखरच मळला होता.

आता कामाचं. कडेला पाटी लाव. हे पीक कुणाचं, कधी काढायचं, ठळक अक्षरांत. तू म्हणशील, सगळ्यांना माहीत आहे. हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकलं, त्या त्या वेळी ऑपरेशन रद्द झालं.

जेवत जा. सलाड म्हणजे जेवण नव्हे.

तुझा,
माधवमामा


मिल्टन कीन्स,
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

ती. माधवमामा यांस,
सा. न. वि. वि.

पाटी लावायची राहिली. रंग आणला होता, फळीही कापली होती.

शनिवारी स्टॅनमोरला गणपतीचं विसर्जन झालं. काल रविवारी आई, बाबा, सुलक्षणामावशी आणि मंडळातली माणसं तीन गाड्या भरून मला न कळवता आली. मला आनंद व्हावा म्हणून. मी भाजी विकायला बाजारात होते. पूर्वेचं शेत मी ऑगस्टअखेर काढलं होतं. मधे मोकळी माती आणि चारी बाजूंनी उभी कड: मका, बीट, भोपळे. मावशींना वाटलं, पोरीला माणसं मिळाली नाहीत, काम अर्धं राहिलं, आणि मागायची लाज वाटते म्हणून बोलत नाही. आईला वाटलं, अन्न उभ्यानं वाया चाललंय. पुढचं तुम्हाला दिसतच असेल. दुपारपर्यंत चारी कडा साफ. बीट धुतले, कणसं निवडली, पेट्या भरल्या आणि सगळं गावातल्या फूड बँकेत नेऊन दिलं. तिथल्या माणसानं आईचा हात हातात घेऊन आभार मानले. मी परतले तेव्हा टेबलावर वाटली डाळ होती आणि सगळ्यांचे चेहरे परीक्षेत पहिलं आल्यासारखे.

मी ओरडले नाही. ओरडायला कुणाचा गुन्हा नव्हता. मी त्यांना अट सांगितली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी मीच मिसेस पिंकसना फोन केला. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांत कड दोनदा चोरीला गेली. दान पहिल्यांदाच झाली. पण अट हलणार नाही. एकवीस तारखेला लोक पिशव्या घेऊन येणार, ट्रस्टी येणार, आणि आलेल्याला स्वतःच्या हातानं तोडायला काहीतरी उभं असलं पाहिजे. ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, बेथलेहेमच्या शेताची गोष्ट वाचलीस का.

ती मी रात्री वाचली. परक्या देशातली एक विधवा सून शेतात सरवा वेचायला येते. मालक आपल्या कापणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही गळू द्या, तिला वेचू द्या आणि तिला बोलू नका.

पश्चिमेच्या शेतात उशिरा पेरलेला मका आहे. तो आता भरतोय. पण तो आठवड्याच्या भाजीच्या बॉक्ससाठी आहे, गिऱ्हाइकांना कबूल केलेला. त्यातून सोडला तर बॉक्स अपुरे जातील आणि ट्रस्टी म्हणतील, हिला हिशोब कळत नाही. नाही सोडला तर एकवीसला लोक मोकळ्या मातीत उभे राहतील आणि मी इथून जाईन. मला जायचं नाही, मामा. हे मी पहिल्यांदाच कुणाला लिहिते आहे.

लवकर उत्तर द्या. फर्स्ट क्लासचं टपाल-तिकीट आत ठेवलंय.

तुमची,
अनुया


स्टॅनमोर,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
मीनलचा सा. न. वि. वि.

अनुयाचं पत्र तुला मिळालं असेल, म्हणजे मी काय केलं ते तुला कळलं. मदत करायला गेले आणि तिचं वर्षभराचं काम एका सकाळीत साफ करून आले. बीट धुतले सुद्धा.

तूच सांग, मी दुसरं काय केलं असतं? आपल्या आईनं ताटात शीत टाकू दिलं नाही. माझ्या हाताला घेणं येतं, निवडणं येतं, वाटणं येतं. सोडणं येत नाही. भोपळा उभा दिसला की माझ्या डोक्यात त्याची भाजी सुरू होते. जयंतचं म्हणणं, एवढं महत्त्वाचं होतं तर तिथे पाटी हवी होती. तूही जूनमध्ये तेच लिहिलं होतंस म्हणे. म्हणजे तुमचं दोघांचं आयुष्यात एकदा पटलं. त्यासाठी माझी मुलगी खर्ची पडावी लागली.

काल सर्जरीत मिसेस पिंकस आल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, डॉक्टर, गरजूला देणं सोपं. तो आपल्या अंगणात येऊन स्वतः घेईल आणि आपण बाजूला उभं राहायचं, हे अवघड. मग म्हणाल्या, गोळ्या संपल्यात. मी लिहून दिल्या.

दादा, एक गोष्ट जयंतलाही बोलले नाही. मला वर्षभर वाटत होतं, पोरीची हौस फिटेल आणि परत येईल. खोली तशीच ठेवली आहे. रविवारी ती चिडली असती तर मी तिला समजावलं असतं. ती चिडली नाही. मोकळ्या कोपऱ्यापाशी गेली आणि मातीकडे बघत उभी राहिली. तू मोठ्या ऑपरेशनच्या आधी मॉनिटरकडे बघायचास, तशी. तेव्हा कळलं, ही परत येणार नाही. आणि येऊही नये.

तिला काहीतरी सुचव. तुझ्या रोट्यांना आम्ही हसलो असू, पण तुझ्या रोट्यावर कधी एकही रात्र रिकामी गेली नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ना? त्याआधी उत्तर लिही. आमच्यावर माया ठेव. सध्या आम्हाला तिची गरज आहे.

तुझी,
मीनल


कॉव्हेंट्री,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. अनुयास,
अ. उ. आ.

तू मला विचारलंस, सोडू की नको. बेथलेहेमच्या मालकानं उत्तर दिलेलं आहे. प्रश्न फक्त कसं सोडायचं हा आहे, आणि तो माझ्या खात्यातला आहे.

नीट वाच. त्या मालकानं हळवा होऊन स्वतः मूठभर धान्य तिच्या ओटीत टाकलं नाही. त्यानं माणसांना हुकूम दिला. किती गाळायचं, कुठे गाळायचं, तिला काय बोलायचं नाही. त्याची दया ही व्यवस्था होती. म्हणून ती दुसऱ्या दिवशीही चालली.

पहिलं काम गिऱ्हाइकांचं. हॉस्पिटलात खाट कमी असेल तर सकाळी सांगावं. सकाळी सांगितलं की माणसं मार्ग काढतात, दुपारी सांगितलं की भांडतात. आजच कळव, पुढच्या बॉक्समध्ये मका कमी असेल. कारण लिही. घरच्यांनी कड कापली हेही लिही, लाजू नकोस. आणि एकवीसला त्यांनाही बोलाव.

मग कापणी. शनिवारी वीसला कर, म्हणजे रविवारी माल ताजा उभा असेल. तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात येईल, वरचं कणीस घ्यावं आणि खालचं बारीक ठेवावं. तसं करू नकोस. सोडायचं ते झाडच सोड. दर तिसऱ्या झाडाला हात लावायचा नाही. फक्त कडेला नाही, शेतभर. मोजायला सोपं, आणि थकलेल्या माणसालाही लक्षात राहतं.

माणसं स्टॅनमोरहून बोलाव. ज्यांनी कापली त्यांनीच सोडायला शिकावं. त्यांना कामं वाटून देण्यात उशीर करू नकोस; मोकळा डॉक्टर शेतात फार वाईट.

आणि मीनलला देखरेखीवर ठेव. हातात विळा देऊ नकोस, पिशवी देऊ नकोस. तिनं मागून चालायचं आणि कुणी तिसरं झाड तोडत नाही ना ते बघायचं. जिला सोडता येत नाही तिच्याकडेच सोडण्याचा कारभार द्यावा. मी दोन अतिशय उशिरा येणारे सर्जन असेच सुधारले. त्यांना वक्तशीरपणाच्या समितीवर घेतलं.

मी आलो असतो. गुडघा आडवा आला. तू जिंकशील तेव्हा मी गोळ्यांच्या गुंगीत असेन, तरी कळवा.

तुझा,
माधवमामा


स्टॅनमोर,
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
मीनलचा सा. न. वि. वि.

दिलं. दहा वर्षांसाठी. आधी हे लिहून टाकते, कारण गोळ्यांमुळे तू मधेच झोपशील. अनुया काल रात्री बसल्या जागी झोपली, म्हणून पत्र मी लिहिते.

आता क्रमानं. शनिवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा सुलक्षणा म्हणाली, या वेळी काही करायचं नाही हेच करायचं आहे, तर इतकी माणसं कशाला. शेतावर पोचल्यावर कळलं. अनुयानं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि तुझा हुकूम वाचून दाखवला. दोन झाडं घ्यायची, तिसरं सोडायचं. निवृत्त झालेले तीन कन्सल्टंट, एक दाताची डॉक्टर, मंडळाचे खजिनदार, कुणाला जमेना. हात आपोआप तिसऱ्याकडे जाई. मी मागून ओरडत होते. पहिला तास मला स्वतःवर ओरडावं लागलं. एक कणीस खाली पडलं होतं ते मी उचलून पदराला, म्हणजे कोटाच्या खिशात टाकलं. चार पावलं गेले, परत आले, ठेवलं. कुणी पाहिलं नाही असं वाटलं होतं. अनुयानं पाहिलं होतं. ती मान वळवून हसली.

दुपारनंतर मात्र लय सापडली. दोन, आणि सोडा. दोन, आणि सोडा. नंतर बघते तर जयंत शेतावर रोजानं येणाऱ्या दोन कामगारांना कणीस तोडताना मनगट कसं फिरवावं, म्हणजे सांधा दुखत नाही, हे समजावत होता. ते दोघे त्याच्या दुप्पट वेगानं तोडत होते, पण ऐकून घेतलं.

बॉक्सच्या गिऱ्हाइकांचं तू म्हणालास तसंच झालं. थोडे कुरकुरले. बाकीच्यांनी विचारलं, आम्ही वेचायला आलो तर चालेल का. घरच्यांनी कड कापली हे वाचून एकीनं लिहिलं म्हणे, माझी सासूही अशीच आहे.

रविवारी मी फाटकापाशी उभी होते. सुरुवातीला कुणीच आलं नाही. मग सायकलींच्या लाल रस्त्यावरून एक बाई आली, मागच्या टोपलीत मूल. मग फूड बँकेचा तो माणूस आला आणि त्याच्या मागे खूप माणसं. बाबागाडीवाल्या मुली, काठी टेकत आलेले म्हातारे, नुकतंच देश सोडून आलेलं एक कुटुंब, ज्यांना कुठल्या झाडाला हात लावायचा हे विचारायचंही धैर्य नव्हतं. अनुयानं सगळ्यांना एकच सांगितलं, जे उभं आहे ते तुमचं. आणि ती बाजूला झाली. आम्हीही झालो. दादा, ते शेत माणसांनी भरलं. त्या नव्या कुटुंबातली आजी वाकून कणसं सोलून बघत होती, कच्चं की पिकलं. आणि कच्चं निघालं की मुलाला आपल्या भाषेत रागवत होती. अगदी आपल्या आईसारखी. कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. मला ते आधी खटकलं. मग समजलं, आपलंच घेताना आभार कशाचे.

ट्रस्टींपैकी एका गृहस्थांनी शंका काढली. अटीत कड लिहिली आहे. इथे कड कुठे आहे, हे तर शेताच्या मधलं पीक. अनुयाचा चेहरा उतरला. मिसेस पिंकस त्यांच्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, कड ही कमीत कमी किती सोडावं त्याची खूण आहे. जास्तीत जास्त किती, ते शास्त्रानं माणसावर टाकलं आहे. ही मुलगी पहिली, जिनं मधलं सोडलं. आणि तेही आरडाओरडा न करता, गिऱ्हाइकांना आधी कळवून, दिवस आणि माणसं ठरवून. शेती येणारे खूप अर्ज आहेत, त्या म्हणाल्या. शेती आणि कारभार दोन्ही येणारा हा एकच. मग त्यांनी अनुयाला विचारलं, हे कुणी शिकवलं. अनुयानं सांगितलं, कॉव्हेंट्रीच्या मामांनी, ते रोटा करायचे.

गृहस्थांनी मान डोलावली. बाकीच्यांनी हात वर केले.

जयंतनं काय केलं ऐक. तो त्या गृहस्थांकडे गेला, हात मिळवला आणि म्हणाला, मी जयंत, शेतकऱ्याचा बाप. मग माझ्याकडे न बघता गाडी पुसायला गेला. स्वच्छ गाडी.

आज मी तिची खोली आवरली. पलंग हलवला. तिथे आता गुडघ्याच्या चेक-अपसाठी इथल्या हॉस्पिटलात येशील तेव्हा तू राहा. गुडघ्याची काळजी घे, व्यायाम टाळू नकोस, मी विचारणार आहे. माया आहेच, आता थोडा अभिमानही ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे.

तुझी,
मीनल


मिल्टन कीन्स,
रविवार, १ मार्च २०२६

ती. माधवमामा यांस,
सा. न. वि. वि.

थंडी सरते आहे. पूर्वेचं शेत नांगरून झालं.

एक वर्षाचा करार असतो तेव्हा माणूस मका लावतो, बीट लावतो. आलं, काढलं, निघालो. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा झाडं लावली. उत्तरेच्या बाजूला सफरचंद आणि प्लम. बाबा दोन रविवार खड्डे खणायला आले. खोली ते टेपनं मोजतात आणि एकाही रोपाला वाकडं उभं राहू देत नाहीत. म्हणतात, सुरुवातीला सरळ ठेवलं तर पुढे ऑपरेशन लागत नाही. आई त्यांच्यासाठी डबा आणते आणि माझ्यासाठीही.

मिसेस पिंकसनी झाडांचाही नियम सांगितला. नव्या झाडाचं फळ तीन वर्षं खायचं नाही. चौथ्या वर्षाचं देवाचं. पाचव्या वर्षी आपण खायचं. मी म्हटलं, हे फारच लांब आहे. त्या म्हणाल्या, नियम खाण्याचा नाही, राहण्याचा आहे. ज्याला उद्या निघायचं आहे त्याच्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

रोपं आत्ता माझ्या कमरेएवढी आहेत. काठीसारखी दिसतात. काल त्यांतल्या एकावर कळी फुगलेली दिसली आणि मी शेतात एकटीच मोठ्यानं हसले.

तुमचं मागचं पत्र वाचलं. आता वय झालं, पुढचं काही ठरवत नाही, असं लिहिलंत. ते मी मान्य केलेलं नाही. सप्टेंबर २०३० चा रोटा आज लावला. पहिलं सफरचंद तोडण्याची ड्यूटी तुमची आहे. बदली मिळणार नाही.

तुमची,
अनुया